फुटबॉल मॅनेजर २०२४ : एफसी गोवासोबत ३-२-५, काही महिने वापरल्यानंतर

फुटबॉल मॅनेजर या गेममध्ये आपण क्लबचा मॅनेजर होऊन संघ चालवतो. त्यात नवी टॅक्टिक, म्हणजे संघाची मांडणी आणि सूचना, लावली की सुरुवातीच्या चार-पाच मॅच बहुतेक वेळा बऱ्याच जातात. संघ चांगला असेल, खेळाडूंचा मूड वर असेल, तर कुठलीही सरळसाधी मांडणी तेवढे गुण मिळवून देते. म्हणून तेवढ्यावरून कोणी एखाद्या टॅक्टिकला ‘जबरदस्त’ म्हटलं की माझा विश्वास बसत नाही. मला वेगळीच गोष्ट बघायची होती. पाच माणसं हल्ल्यात पुढे गेलेली असताना चेंडू सुटला, तर पुढच्या काही सेकंदांत आपलं कोण कुठे असतं? ३-२-५ लावायची की नाही, हे माझ्या मते तिथे ठरतं. गोलांचा आकडा नंतर बघायचा.

आधी मांडणी सांगते. फुटबॉल मॅनेजर २०२४ मध्ये टॅक्टिकच्या स्क्रीनवर जे फॉर्मेशन दिसतं, ते चेंडू आपल्याकडे नसतानाचं. त्यामुळे माझी टॅक्टिक स्क्रीनवर साधी ४-३-३ दिसते : चार बचावपटू, त्यांच्यापुढे एक डिफेन्सिव्ह मिडफिल्डर, दोन सेंट्रल मिडफिल्डर, दोन विंगर, एक स्ट्रायकर. चेंडू मिळाला की चित्र बदलतं. उजवा फुल-बॅक आत सरकून तिसरा सेंटर-बॅक होतो. हा इन्व्हर्टेड फुल-बॅकचा रोल याच आवृत्तीत आला. डावा बॅक मात्र इन्व्हर्टेड विंग-बॅक, म्हणजे तो डिफेन्सिव्ह मिडफिल्डरच्या शेजारी येऊन उभा राहतो. मागे तीन, त्यांच्यापुढे दोन. उरलेले दोन मिडफिल्डर, दोन विंगर आणि स्ट्रायकर मिळून पुढे पाच. मैदानाची पूर्ण रुंदी हे पाच जण आपसांत वाटून घेतात.

यातलं काहीच मुळात नवं नाही. १९२५ साली ऑफसाइडचा नियम बदलला. हल्लेखोर आणि गोललाइन यांच्यामध्ये आधी प्रतिस्पर्ध्यांचे तीन खेळाडू लागायचे, ते दोनवर आले. गोल वाढले, आणि त्याला उत्तर म्हणून हर्बर्ट चॅपमन यांच्या आर्सेनलने डब्ल्यू-एम रूढ केली. ती उलगडून मांडली तर ३-२-२-३ होते, म्हणजे आजच्या ३-२-५ ची आजीच. फरक इतकाच की तेव्हाचे खेळाडू त्या जागांवरूनच सुरुवात करायचे आणि आताचे चेंडू मिळाल्यावर तिथे पोचतात. २०२२-२३ च्या सीझनमध्ये मँचेस्टर सिटीचा जॉन स्टोन्स बचावातून मिडफिल्डमध्ये यायचा, आर्सेनलचा झिंचेन्को डावीकडून आत यायचा. तेव्हापासून हे करून बघायची माझी इच्छा होती.

एफसी गोवा निवडण्याचं पहिलं कारण म्हणजे ती माझी टीम आहे. दुसरं कारण खेळाचं. प्रशिक्षक सर्जिओ लोबेरांच्या काळापासून या क्लबकडून चेंडू पायाशी ठेवून खेळण्याची अपेक्षा असते. २०१९-२० मध्ये लीग टप्प्यात पहिलं येऊन शील्ड जिंकली आणि त्यामुळे २०२१ मध्ये आशियाई क्लबांच्या एएफसी चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत खेळणारा हा पहिला भारतीय क्लब ठरला. अशा संघाला ३-२-५ शिकवणं स्वाभाविक वाटतं. आणि भारतातली लीग गेममध्ये खेळता येते, त्यामुळे युरोपातल्या श्रीमंत संघांसोबत कधीच न येणारी एक अडचण इथे समोर येते. आयएसएलमध्ये (इंडियन सुपर लीग) एका वेळी मैदानावर चारच परदेशी. ते चार कुठे लावायचे?

टॅक्टिक बनवण्यापेक्षा या प्रश्नावर मी जास्त वेळ दिला. पहिल्यांदा मन स्ट्रायकर आणि विंगरकडे धावतं, कारण गोल तिथून येतात. पण या मांडणीत सगळ्यात अवघड काम डिफेन्सिव्ह मिडफिल्डरचं आहे. चेंडू गेला की त्याच्यापुढचे पाचही जण चेंडूच्या पलीकडे राहिलेले असतात. तिथे डिसिजन्स, अँटिसिपेशन, पोझिशनिंग आणि कॉन्सन्ट्रेशन हे गेममधले चार गुणांचे आकडे चांगले असलेला माणूस हवाच. वेग थोडा कमी असला तरी चालतो. मी पहिला परदेशी म्हणून कार्ल मॅकह्यूला तिथे ठेवलं आणि साधा ‘डिफेन्सिव्ह मिडफिल्डर, डिफेंड’ हा रोल दिला. रोलचं नाव आकर्षक नाही, म्हणून बरेच जण तिथे डीप-लायिंग प्लेमेकर किंवा रेजिस्टा टाकतात. रेजिस्टा जागा सोडून चेंडूमागे फिरतो, आणि मग ३-२ मधले दोन कागदावरच राहतात. दुसरा परदेशी सेंटर-बॅक, तिसरा डावा विंगर नोआ सदौई, चौथा स्ट्रायकर. मधली सर्जनशील जागा ब्रँडन फर्नांडिसची. तिथे परदेशी खेळाडू लागतच नाही, हे गेममधल्या या संघाचं मोठं बळ आहे.

चाचणीची पद्धतही सांगते, कारण तिच्याशिवाय पुढच्या निरीक्षणांना अर्थ नाही. बरेच जण टॅक्टिक लावून गेमला सुट्टीवर सोडतात, म्हणजे हॉलिडे मोड, आणि सीझनच्या शेवटी तक्ता बघतात. खूप टॅक्टिक एकमेकींशी ताडून बघायच्या असतील तर ते ठीक. पण संघ पहिला आला की तिसरा एवढंच त्यातून कळतं, का ते कळत नाही. मी प्री-सीझनच्या सुरुवातीला सेव्हची प्रत ठेवली, संघाची टॅक्टिकशी ओळख पूर्ण होईपर्यंत निकालांकडे लक्ष दिलं नाही, एका वेळी एकच गोष्ट बदलली, आणि मोजक्या मॅच हायलाइट्सऐवजी पूर्ण बघितल्या. पूर्ण मॅच बघायला वेळ लागतो खरा. पण हायलाइट्समध्ये फक्त संधी दिसतात, आणि टॅक्टिकचा दोष बहुतेकदा संधी निर्माण होण्याच्या आधी, दहा-बारा सेकंद मागे असतो.

तो दोष मुंबई सिटीविरुद्ध स्पष्ट दिसला. आपला डावा बॅक आत मिडफिल्डमध्ये, डावा विंगर वर, आणि मुंबईचा उजवा विंगर लालियानझुआला छांगटे. त्याच्यासमोर अर्धं मैदान मोकळं. मुंबईने चेंडू मिळवला की पहिला पास त्याच कोपऱ्यात जायचा. आमचा डावा सेंटर-बॅक त्याला गाठायला बाहेर खेचला जायचा, मग मधल्या दोघांमध्ये फट पडायची, आणि गोल त्या फटीतून व्हायचा. आकडेवारी बघणाऱ्याला हा गोल सेंटर-बॅकची चूक वाटेल. खरं तर मांडणीने त्याला दोन माणसांचं काम दिलेलं असतं.

यावर सहज सुचणारा उपाय म्हणजे डाव्या बॅकला परत साधा फुल-बॅक करणं. पण मग ३-२-५ उरतच नाही. मी मेंटॅलिटी ‘अटॅकिंग’वरून ‘पॉझिटिव्ह’वर आणली. या गेममध्ये मेंटॅलिटी म्हणजे केवळ उत्साहाचा आकडा नव्हे. बचावाची रेषा, टेम्पो, पासमधली जोखीम, खेळाडू पुढे धावण्याची घाई, सगळं तिच्याबरोबर वर-खाली होतं. एक पायरी खाली आल्यावर पाच जण पुढे जातच राहिले, पण एकाच क्षणी सगळे गेले नाहीत. मग बचावाची रेषा ‘मच हायर’वरून ‘हायर’वर. त्यानंतर डाव्या मिडफिल्डरची ड्युटी, म्हणजे रोलमध्ये किती पुढे जायचं ते, ‘अटॅक’वरून ‘सपोर्ट’वर. काउंटर-प्रेस, म्हणजे चेंडू सुटताच तो परत मिळवायला लगेच दबाव टाकणं, तसाच चालू ठेवला. या तिन्हींमध्ये सर्वाधिक फरक ड्युटीने पडला. डावीकडचा मिडफिल्डर दोन पावलं मागे राहिला, आणि चेंडू सुटला की पहिला धक्का तो द्यायला लागला. छांगटेकडे जाणारा तो लांब पास आता दबावाखाली खेळावा लागत होता, आणि दबावाखालचा लांब पास बरेचदा टचलाइनबाहेर जातो.

आमच्या जय गुप्ताबद्दल दोन शब्द, कारण तो पुण्याचा आणि डावा बॅक, म्हणजे या टॅक्टिकच्या अगदी मध्यभागी. त्याला रेषेलगत वर-खाली पळताना बघायची सवय असलेल्यांना त्याला आत उभं केलेलं आवडणार नाही. मलाही सुरुवातीला ते त्याच्या खेळाचं नुकसान वाटत होतं. पण जागेचा आणि रोलचा सराव करून घेतला, तर आत आलेला डावा बॅक विंगरला मोकळी रेषा देतो, आणि प्रतिस्पर्ध्याच्या विंगरला कोणाबरोबर जायचं ते कळत नाही. ज्या मॅचमध्ये समोरचा विंगर मागे येतच नाही, तिथे मी त्याला पुन्हा रेषेवर सोडते आणि मिडफिल्डमधला एक जण मागे ठेवते. आकार तोच राहतो, माणसं बदलतात.

सीझनच्या उत्तरार्धात दुसरी अडचण आली, आणि ती जवळजवळ प्रत्येकाला येते. जिंकणं थांबतं, ०-० आणि १-१ वाढतात, आणि लोक म्हणतात की गेमने टॅक्टिक ‘ओळखली’. माझं निरीक्षण असं : तुम्ही वर गेलात की प्रतिस्पर्धी तुमच्याविरुद्ध सावध खेळायला लागतात. बचाव खोल, माणसं बॉक्ससमोर. सुरुवातीला ज्या मोकळ्या जागेतून गोल व्हायचे, ती जागाच राहत नाही. गेममधल्या आकडेवारीच्या विभागात, म्हणजे डेटा हबमध्ये, बघितलं तर शॉट्सची संख्या वाढलेली असते आणि प्रत्येक शॉटचा एक्सजी (शॉटचा गोल होण्याची शक्यता) घसरलेला असतो. म्हणजे आपण लांबून मारतोय.

इथे माझी आवड जरा वेगळी आहे. ‘वर्क बॉल इन्टू बॉक्स’ लावा असं सर्रास सांगितलं जातं. त्याने लांबचे शॉट कमी होतात, हे खरं. पण खेळही संथ होतो, आणि संथ खेळापुढे दोन ओळींत उभा राहिलेला बचाव निवांत सरकत राहतो. मला रुंदीचा जास्त फायदा झाला. दोन्ही विंगरना ‘स्टे वायडर’, उजव्या मिडफिल्डरला मेझाला (मध्य आणि विंग यांच्यामधून पुढे जाणारा रोल) करून आतल्या पट्ट्यात, आणि टेम्पो एक पायरी वर. चेंडू एका बाजूने दुसऱ्या बाजूला पटकन गेला की बचावाला पळावं लागतं, आणि दुसऱ्या टोकाला विंगर एकटा मोकळा सापडतो. असे गोल बघताना मला या गेमचं सगळ्यात जास्त कौतुक वाटतं. स्क्रीनवरचे ठिपके खरंच विचार करून जागा शोधताहेत असं वाटतं.

आता शेवटच्या पंधरा मिनिटांबद्दल. गोव्याच्या कुठल्याही समर्थकाला २४ एप्रिल २०२४ आठवते. गोव्यातल्या फातोर्डा स्टेडियमवर आयएसएलच्या उपांत्य फेरीची पहिली लढत, नव्वदाव्या मिनिटापर्यंत २-० ची आघाडी, आणि मग अगदी शेवटी मुंबईचे तीन गोल, त्यातले दोन छांगटेचे. निकाल २-३. त्या रात्रीनंतर आघाडी राखणं हा माझ्यासाठी टॅक्टिकचा वेगळा भाग झाला. गेममध्ये तीन टॅक्टिक एकाच वेळी तयार ठेवता येतात आणि तिन्हींचा सराव होतो. बहुतेक जण दुसऱ्या जागी पाच बचावपटूंची ‘डिफेन्सिव्ह’ मेंटॅलिटी ठेवतात. मी ती वापरून बघितली आणि काढून टाकली. संघ एकदम बॉक्समध्ये जाऊन बसतो, चेंडू परत मिळाला तरी पुढे कोणी नसतो, आणि तो लगेच परत येतो. आता माझी दुसरी टॅक्टिक तीच ४-३-३ आहे. मेंटॅलिटी ‘कॉशस’, डावा बॅक साधा फुल-बॅक, काउंटर-प्रेसऐवजी ‘रीग्रुप’ (चेंडू सुटला की आधी मागे येऊन जागा धरणं), आणि डावीकडे ताज्या पायांचा विंगर. वेळ काढायची सूचना अगदी शेवटी. प्रेस करून पाय जड झालेले असतात, त्यामुळे साठाव्या-सत्तराव्या मिनिटाला दोन बदल आधीच करून ठेवते. मिडफिल्डमधला एक बदल तर नक्कीच. याने उशिरा होणारे गोल पूर्ण बंद झाले नाहीत, पण कमी झाले, आणि जे होतात ते आता सेट पीसवर, म्हणजे कॉर्नर-फ्री किकसारख्या थांबलेल्या चेंडूवर, होतात.

सेट पीसबद्दल थोडक्यात : या आवृत्तीत त्यांचं वेगळं कोचिंग आणि वेगळी आखणी आहे. ती नीट करा, आणि कॉर्नर घेताना मागे दोन माणसं नक्की ठेवा. ३-२-५ मधले उंच खेळाडू नेमके तेच तीन मागचे असतात, आणि कॉर्नरला ते तिघेही वर गेले तर मागे कोणीच उरत नाही.

ही टॅक्टिक कोणी घ्यावी? ज्यांच्याकडे चेंडू नीट पास करणारे सेंटर-बॅक आणि जागा न सोडणारा एक डिफेन्सिव्ह मिडफिल्डर आहे, त्यांनी. संदेश झिंगनसारखा मागून बोलत राहणारा, आघाडीवर राहून बचाव सांभाळणारा माणूस असेल तर उत्तम. लीडरशिप आणि कम्पोजर हे आकडे मागच्या तिघांमध्ये बघा. तळाच्या संघासोबत, तेही पहिल्याच सीझनला, मी ती लावणार नाही. तिथे चेंडू मुळात आपल्याकडे राहतच नाही, मग चेंडू असतानाच्या मांडणीवर एवढा घाम गाळून उपयोग काय? तिथे ४-४-२ किंवा ४-१-४-१ लावून आधी टिकावं.

२०२५ ची आवृत्ती रद्द झाल्यामुळे माझ्यासारखे बरेच जण २०२४ वर जास्त काळ राहिले, आणि त्यामुळेच एका टॅक्टिकला इतका वेळ देता आला. २०२६ च्या आवृत्तीत चेंडू असतानाचं आणि नसतानाचं फॉर्मेशन वेगवेगळं आखता येतं, त्यामुळे इन्व्हर्टेड रोलमधून आडवाटेने जे साधावं लागायचं ते आता सरळ मांडता येईल. तिथे मी सुरुवात डावीकडूनच करणार आहे. चेंडू नसताना डावा बॅक चारच्या ओळीत, चेंडू असताना डिफेन्सिव्ह मिडफिल्डरच्या शेजारी, आणि चेंडू सुटल्यावर मधल्या त्या काही सेकंदांत तो परत कसा पोचतो, हे पहिल्या फ्रेंडलीपासून बघायचं.