एकच बाटली आणायची, तर बारोलो की ब्रुनेल्लो?

परदेशातून येताना माणशी दोन लिटर दारू करमुक्त आणता येते. म्हणजे वाइनच्या नेहमीच्या दोन बाटल्या. त्यातली एक कुणाला तरी द्यायची असते, स्वतःसाठी उरते एक. इटलीहून येणारा माणूस मग दुकानात अडतो: बारोलो घ्यावी की ब्रुनेल्लो दि मोंतालचिनो? दोन्ही महाग, दोन्ही वर्षानुवर्षं मुरवलेल्या. मी माझं मत आधीच सांगून टाकते. वर्षभरात उघडणार असाल तर ब्रुनेल्लो घ्या. थंडाव्यात आठ-दहा वर्षं ठेवायची खरी सोय असेल, तर मात्र बारोलोला तोड नाही.

बारोलो वायव्य इटलीतल्या पिएमोंते प्रदेशातली. आल्बा शहराजवळच्या लांगे टेकड्यांवरच्या ११ गावांतच ती बनते, आणि द्राक्ष एकच: नेब्बिओलो. हे द्राक्ष पिकायला फार वेळ घेतं. ऑक्टोबरमध्ये धुकं टेकड्यांवर चढायला लागतं तेव्हा कुठे त्याची तोडणी होते. इटालियनमध्ये धुक्याला ‘नेब्बिया’ म्हणतात, आणि द्राक्षाचं नाव त्यावरूनच पडलं असं बरेच जण मानतात.

पहिल्यांदा पिणाऱ्याला ही वाइन फसवते. ग्लास पांढऱ्या कागदावर तिरका धरा. इतकी नावाजलेली रेड वाइन, पण खालची अक्षरं वाचता येतील इतकी फिकट, आणि कडेला विटकरी झाक. वास वाळलेल्या गुलाबपाकळ्यांचा आणि त्यामागे मंद डांबराचा. डांबर म्हटल्यावर नाक मुरडू नका, तो वास या वाइनची ओळख आहे. एवढी नाजूक दिसते म्हणून घोट घ्यावा, तर हिरड्या आवळतात आणि कच्ची सुपारी चघळल्यासारखी जीभ कोरडी पडते. नेब्बिओलोच्या साली-बियांतलं टॅनिन ते हेच. हा तुरटपणा निवळायला वर्षं लागतात, म्हणून नियमच आहे की बारोलो किमान ३८ महिने मुरवायची, त्यातले १८ लाकडात. ‘रिझेर्वा’ लिहिलेली असेल तर ६२ महिने.

लाकूड कोणतं, यावरून तिथे घराघरांत भांडणं झाली. जुनी रीत म्हणजे हजारो लिटरची मोठी पिंपं, ‘बोत्ती’. त्यांत लाकडाचा वास वाइनवर स्वार होत नाही, ती सावकाश मुरते. १९८०च्या दशकात तरुण मंडळींनी फ्रान्ससारखी २२५ लिटरची छोटी नवी पिंपं आणली. एलिओ आल्तारे या तरुणाने तर वडिलांची पिंपं यांत्रिक करवतीने कापून काढली. दुसऱ्या टोकाला बार्तोलो मास्कारेल्लो होते. आपल्या लेबलवर ‘बॅरिक नको, बेर्लुस्कोनी नको’ असं लिहिणारे. बेर्लुस्कोनी म्हणजे इटलीतला राजकीय नेता, आणि बॅरिक म्हणजेच ती छोटी पिंपं. आज बहुतेकांनी मधला रस्ता धरला आहे, पण माझा जीव जुन्या रीतीतच आहे. छोट्या पिंपातल्या बारोलोत मला कित्येकदा आधी व्हॅनिला येतो, गुलाब येतच नाही.

लेबलवर गावाचं नावही बघा. ला मोर्रा गावची त्यातल्या त्यात मऊ, लवकर खुलणारी. सेर्रालुंगा गावची कडक, धीर धरणाऱ्यांसाठी.

ब्रुनेल्लोचं सगळं एका गावाभोवती फिरतं: टस्कनीतलं मोंतालचिनो. द्राक्ष शंभर टक्के सांजोवेझे. शेजारच्या किआंतीत इतर द्राक्षं मिसळायची मुभा आहे, इथे नाही. फेरुच्चो बिओंदी-सांती यांनी निव्वळ सांजोवेझेची, मुरवण्याजोगी वाइन करून दाखवली. त्यांची १८८८ची रिझेर्वा आजही सांगितली जाते. २००८ साली काही उत्पादकांवर मिसळ केल्याचा संशय आला, चौकशी झाली, पण शेतकऱ्यांनी नियम सैल करायला नकार दिला. मला त्या नकाराचं फार मोल वाटतं. तोडणीनंतर पाचव्या वर्षीच्या १ जानेवारीआधी ही वाइन बाजारात येऊ शकत नाही, आणि त्यातली दोन वर्षं लाकडात जातात.

मोंतालचिनो लांगेपेक्षा उबदार आणि कोरडं. दक्षिणेला १७३८ मीटर उंच मोंते आमियाता गारपीट-वादळं बरीच अडवतो. फळ भरून पिकतं. आंबट चेरी, सुका मसाला, चामडं, तंबाखू असे वास येतात. तुरटपणा असतोच, पण त्याला फळाचा मांसलपणा सांभाळून घेतो. बाटली दोन तास आधी उघडून रुंद भांड्यात ओतून ठेवली, तर सहा-सात वर्षांची ब्रुनेल्लोही आनंद देते. त्याच वयाची सेर्रालुंगाची बारोलो दुसऱ्या दिवशीही तोंड उघडत नाही. सांजोवेझे आपल्याला अगदी परकंही नाही, अकलूजच्या मळ्यांत ते लावलेलं आहे.

जेवणाचं म्हणाल तर बारोलोला लोणी, ट्रफल (जमिनीखाली वाढणारी सुवासिक बुरशी), वाइनमध्येच तासन्‌तास शिजवलेलं बीफ लागतं. ब्रुनेल्लो निखाऱ्यावरच्या मांसाची आणि मुरलेल्या पेकोरिनो चीजची सोबतीण. आपल्याकडे कमी तिखटाचं सुकं मटण ब्रुनेल्लोबरोबर छान जातं. तांबड्या रश्शाबरोबर दोन्ही नकोत. तिखटावर टॅनिन आणि साडेचौदा टक्के अल्कोहोल, म्हणजे तोंडाची आग.

आता ठेवण्याचं. मी पुण्यात एक बारोलो स्वयंपाकघरातल्या माळ्यावर ठेवली होती, ‘दहा वर्षांनी उघडू’ म्हणून. दोन मे महिने गेले. बाटली काढली तर बूच मानेतून वर सरकलेलं, त्याच्या कडेने वाइन झिरपून लेबलवर तपकिरी ओघळ वाळलेला. आत उकडलेल्या मनुकांचा वास, गुलाबाचा मागमूस नाही. या वाइनला बारा-चौदा अंश तापमान हवं, तेही सारखं. वाइनचं खास कपाट घरात असेल किंवा तुम्ही थंड तळघर असलेल्या देशात राहत असाल, तरच कोवळी बारोलो घ्या. नाहीतर दुकानदाराकडे दहा-बारा वर्षांची मुरलेली मागा. जास्त पैसे पडतील, पण ते तुमच्या वतीने कुणीतरी थांबल्याचे असतात.

आणि खिशाला दोन्ही जड वाटत असतील तर लांगे नेब्बिओलो किंवा रोस्सो दि मोंतालचिनो घ्या. द्राक्षं तीच, बहुधा मळेही त्याच परिसरातले, मुरवणं कमी, किंमत बरीच कमी. या बाटल्या आणल्या त्या महिन्यात उघडल्या तरी चालतात.