आधी 'इकिरू' की 'टोकियो स्टोरी'?

जपानी सिनेमा पहिल्यांदा बघणाऱ्याला हमखास ही दोन नावं सुचवली जातात. अकिरा कुरोसावाचा 'इकिरू' १९५२चा, १४३ मिनिटांचा. यासुजिरो ओझूचा 'टोकियो स्टोरी' १९५३चा, १३६ मिनिटांचा. गोष्ट ऐकून दुसरा सोपा वाटतो: ओनोमिची या दूरच्या गावचे म्हातारे आईवडील टोकियोला मुलांकडे येतात आणि मुलांना त्यांच्यासाठी वेळ नसतो. हे तर आपल्या घरचंच! गोची तिथेच आहे.

'मुलं नालायक, आईबाप बिचारे' हा आपल्या पडद्याचा हिशोब ओझूला लागू पडत नाही. पार्लर चालवणारी मुलगी शिगे गिऱ्हाइकासमोर आईवडिलांना 'गावाकडचे ओळखीचे' म्हणून मोकळी होते. राग येतोच. पण आई अत्यवस्थ असल्याचं कळल्यावर अंत्यविधीचे काळे कपडे बरोबर घ्यायचं तिलाच सुचतं. सगळ्यांत मायाळू असलेली विधवा सून नोरिको ते आणत नाही. मग कोण बरं, कोण वाईट? ओझू निकाल देत नाही. इथे माणसं दुखावली की हसतात, आणि ते हसू खरं धरलं की अर्धा सिनेमा हातचा गेला. कॅमेरा जमिनीलगत, जवळपास न हलणारा. मधेच धुराडी, वाळत घातलेले कपडे. 'काही घडत नाही' म्हणून पुढे सरकवाल, तर बांधावर खेळणाऱ्या नातवाला आजी विचारते ते निसटेल: तू डॉक्टर होशील तेव्हा मी असेन का?

'इकिरू'त सरकारी कचेरी आहे, त्यामुळे आपल्याला शिकवणी लागत नाही. सांडपाण्याचं डबकं बुजवून मुलांना मैदान करून द्या म्हणणाऱ्या बायका या टेबलावरून त्या टेबलावर फिरून परत पहिल्याच टेबलाशी येतात. तिथला विभागप्रमुख वातानाबे, म्हणजे ताकाशी शिमुरा. त्याला जठराचा कॅन्सर आहे. डॉक्टर त्याला साधा अल्सर सांगतो, कारण त्या काळी जपानमध्ये रुग्णाला कॅन्सर न सांगण्याचीच रीत होती. आणि तो गेल्यावर त्याच्या फोटोसमोर सहकारी साके पीत बसतात तो अपमान नव्हे, रिवाज आहे.

घसरायला होतं ते रचनेमुळे. साधारण दीड तासाने नायक मरतो आणि तरी सुमारे ५० मिनिटं उरतात. अनेकांना ती शेपूट वाटते. उलट खरा सिनेमा तोच: आधी वरिष्ठ वातानाबेने करून घेतलेल्या मैदानाचं श्रेय लाटतात, मग दारू चढेल तसं एकेकाच्या तोंडून खरं बाहेर पडतं.

म्हणून आधी 'इकिरू'. एका बैठकीत जमत नसेल तर मृत्यूची बातमी येते तिथे थांबा, उरलेला दुसऱ्या दिवशी बघा. 'टोकियो स्टोरी'चे मात्र असे तुकडे करू नका. सलग सव्वादोन तास मोकळे असतील तेव्हाच लावा. दोन्ही मूळ जपानीतच ऐका. सबटायटल्समध्ये जपानी बोलण्यातल्या आदराच्या पायऱ्या सपाट होतात, तेव्हा कोण कोणापुढे किती वाकतं यावर नजर ठेवा.