बायसन की तेजस?

हवाई दलाचं मिग-२१ बायसन, म्हणजे जुन्या मिग-२१ लढाऊ विमानाची आधुनिक केलेली आवृत्ती, सप्टेंबर २०२५ मध्ये निवृत्त झालं. ते सरस की स्वदेशी लढाऊ विमान तेजस, हा वाद मात्र सुरूच आहे. निव्वळ वेगात बायसनच सरस: माख २ च्या, म्हणजे ध्वनीच्या दुप्पट वेगाच्या, पुढे. शस्त्रांतही कमी नव्हतं. आर-७३, आर-७७ ही हवेतून हवेत मारा करणारी क्षेपणास्त्रं आणि हेल्मेटवरून नेम धरायची सोय. २००४ च्या ग्वाल्हेरमधल्या भारत-अमेरिका हवाई सरावात अमेरिकी वैमानिकही चकित झाले होते. पण निमुळत्या नाकात मावेल एवढंच रडार, तोकडा पल्ला, उतरतानाचा भयंकर वेग, हे आधुनिकीकरणानं सुटणारं नव्हतंच. आराखडा १९५० च्या दशकातला! तेजस मार्क-१ ला संगणकीय उड्डाण-नियंत्रण, शस्त्रांसाठी ८ जागा. नंतरच्या विमानांत हवेत इंधन घेण्याचीही सोय.

तळाजवळचा घुसखोर झटपट अडवायला बायसन पुरेसं होतं. आकाशात टिकून जमिनीवरही अचूक मारा हवा असेल, तर तेजसच.