अंबडचा स्टील टी-मिक्सर आणि दोन सिरिंज पंप: एलएनपीच्या कामासाठी कसा आहे?

फार्मसी कॉलेजात किंवा छोट्या आर अँड डी लॅबमध्ये लिपिड नॅनोपार्टिकल (एलएनपी, म्हणजे आरएनए पेशीत पोचवणारे लिपिडचे अतिसूक्ष्म कण) बनवायचं ठरतं. मग आयात यंत्राचं आणि त्याच्या एकदाच वापरायच्या कार्ट्रिजचं कोटेशन हातात येतं आणि बेत तिथेच बारगळतो. नाशिककरांना दुसरा रस्ता आहे. अंबड एमआयडीसीतल्या वर्कशॉपकडून ३१६एल या स्टेनलेस स्टीलचा टी-मिक्सर, म्हणजे दोन धारा एकत्र आणणारा टी आकाराचा जोड, करून घ्यायचा आणि तो दोन सिरिंज पंपांना (सिरिंज ठरावीक वेगाने दाबणाऱ्या यंत्रांना) जोडायचा. आमचं मत आधीच सांगतो: टी इथलाच घ्यावा, त्यात काही कमी नाही. काटकसर पंपात मात्र करू नये.

टी-मिक्सर म्हणजे जुगाड नव्हे. ऑगस्ट २०१८ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेल्या ऑनपॅट्रो या पहिल्या एसआयआरएनए (जनुक गप्प करणारा छोटा आरएनए) औषधाच्या मागे याच जातीची मिसळणी आहे. फायझरच्या कोविड लशीतही दोन धारा समोरासमोर आदळवूनच कण बनवले. लिपिडं इथेनॉलमध्ये असतात, एमआरएनए (प्रथिन बनवायचा संदेश नेणारा आरएनए) पीएच ४ च्या सायट्रेट बफरमध्ये. दोन्ही भेटले की इथेनॉल एकदम पातळ होतं, लिपिडं विरघळलेली राहू शकत नाहीत आणि आरएनएला धरून कणात बसतात. हे काही मिलिसेकंदांत उरकलं तर कण लहान आणि एकसारखे येतात. मिसळणं रेंगाळलं की लिपिडं आपापसांतच गोळा होतात, आकार वाढतो आणि पीडीआय (कण किती एकसारखे आहेत त्याचा आकडा, कमी तितका चांगला) बिघडतो.

म्हणून या संचात सगळा खेळ बोअरचा (आतल्या भोकाच्या व्यासाचा) आणि वेगाचा. ०.५ मिमी बोअरमधून मिनिटाला एकूण ४० मिली सोडलं तर बाहेर पडणाऱ्या धारेचा वेग सेकंदाला सुमारे ३.४ मीटर भरतो आणि रेनॉल्ड्स संख्या (प्रवाह किती खळबळेल त्याचा आकडा) ९०० च्या आसपास जाते. टी-मध्ये धारा एकमेकींत घुसायला एवढं पुरतं. १ मिमी बोअर घेऊन १२ मिलीवर चालवलं तर तीच संख्या १४० च्या खाली येते. धारा शेजारी शेजारी वाहतात आणि मिसळत नाहीत. मायक्रोफ्लुइडिक कार्ट्रिजवर १२ चा आकडा चालतो, कारण आतल्या हेरिंगबोन खाचा प्रवाहाला पीळ देतात. साध्या टी-ला तो आकडा लावू नये.

वर्कशॉपला ड्रॉइंग देताना तीन गोष्टी लिहून द्याव्यात. पहिली, समोरासमोरचे दोन्ही बोअर एका रेषेत हवेत. ३१६एल मध्ये एवढं बारीक ड्रिल भरकटतं, त्यामुळे एकाच सेटिंगमध्ये आरपार मारायला सांगावं. दुसरी, तिठ्यावर बर (ड्रिलने उरलेली धातूची कड) राहता कामा नये. बर राहिला तर तिथेच लिपिड चिकटतं आणि पुढच्या रनला कणांत ढेकळं येतात. माल ताब्यात घेताना तिन्ही बाजूंनी त्या त्या बोअरच्या मापाची पिन घालून बघावी आणि तिठा सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा. तिसरी, आटे १०-३२ चे म्हणजे एचपीएलसी या विश्लेषण यंत्राच्या जोडांचे ठेवावेत, फेरूल (नळी घट्ट धरणारी कडी) आणि नट कुठेही मिळतात. एक सुधारणा आवर्जून करावी: इथेनॉलचा हात ०.३ मिमीचा करून घ्यावा. बफर आणि इथेनॉल ३:१ असतात, म्हणजे ३० आणि १० मिली. दोन्ही हात ०.५ चे असतील तर बफर २.५ मीटर वेगाने येतो आणि इथेनॉल जेमतेम ०.८५ ने. ०.३ केला की इथेनॉलचा वेगही २.४ होतो आणि धारा तोडीस तोड आदळतात.

नळी मात्र १ मिमी बोअरची आणि आखूड वापरावी. ०.५ मिमीच्या ३० सेंमी नळीत ३० मिली रेटायला जवळपास १ बार दाब लागतो. १ मिमीमध्ये तोच सोळापट कमी होतो आणि स्वस्त पंपाची मोटर स्टेप चुकवत नाही.

आता पंप, जिथे हा संच मार खातो. ३ मिली बफर आणि १ मिली इथेनॉलचा रन अवघ्या ६ सेकंदांत संपतो. त्यात एका पंपाने अर्धा सेकंद उशिरा जोर धरला तर तेवढ्या वेळात प्रमाण ३:१ राहतच नाही. दोन्ही पंप एकाच ट्रिगरवर सुरू व्हायला हवेत. दोन बोटांनी दोन बटणं दाबणं म्हणजे आरएनए वाया घालवणं. सिरिंजमध्ये मोहरीएवढा बुडबुडा राहिला तरी तो आधी दबतो आणि मगच द्रावण हलतं. पहिले ०.३ ते ०.४ मिली आणि शेवटचे दोन-चार थेंब टाकूनच द्यावेत. पंपात सिरिंजचा आतला व्यास मोजूनच भरावा. व्यासात ५ टक्के चूक म्हणजे प्रवाहात १० टक्के चूक. खात्री साधी आहे: पाणी भरून मिनिटाला १० मिलीवर ३० सेकंद चालवा, तराजूवर ५ ग्रॅम दिसले पाहिजेत. इथेनॉलला काचेची, पीटीएफई प्लंजरची सिरिंज घ्यावी. डिस्पोजेबल सिरिंजमधलं सिलिकॉन तेल इथेनॉलबरोबर उतरतं.

एका रनचं माप असं: ३ मिली बफरमध्ये ०.३ मिग्रॅ एमआरएनए. एन/पी (लिपिडातला नायट्रोजन आणि आरएनएतला फॉस्फेट यांचं प्रमाण) ६ धरला तर १ मिली इथेनॉलमध्ये आरएनएला धरणारं लिपिड एसएम-१०२ सुमारे ३.९ मिग्रॅ, डीएसपीसी ०.८६, कोलेस्टेरॉल १.६ आणि डीएमजी-पीईजी २००० ०.४ मिग्रॅ. हे या चार लिपिडांचं ५०:१०:३८.५:१.५ मोल प्रमाण आहे. पंपांचा मेळ बसेपर्यंत स्वस्त पॉली-ए (सरावापुरता आरएनए) वापरा, एमआरएनएला हात लावू नका. जानेवारीत नाशिकची थंडी लॅबमध्येही शिरते आणि डीएसपीसीचा स्टॉक गढूळ होतो. तो ३७ ते ४० अंशांवर कोमट करून नितळ झाल्यावरच सिरिंजमध्ये घ्या. गढूळ स्टॉक वापरला तर कणांत कमी पडणारं लिपिड नेमकं डीएसपीसीच असतं, आणि आकार का हलला ते कळत नाही.

बाहेर पडणाऱ्या द्रावणात २५ टक्के इथेनॉल आणि पीएच ४ असतो. या अवस्थेत कण एकमेकांत मिसळून वाढत राहतात, त्यामुळे ते द्रावण लगेच पीबीएसमध्ये (तटस्थ खारट बफरमध्ये) पातळ करून डायलिसिसला (पडद्यातून इथेनॉल काढायला) लावावं. चहाला जाऊन आल्यावर नव्हे. नंतर डीएलएसवर (प्रकाशाने कणांचा आकार मोजणाऱ्या यंत्रावर) ८० ते १०० नॅनोमीटर आणि पीडीआय ०.१५ च्या आत, रायबोग्रीनने (आरएनएला चिकटून चमकणाऱ्या रंगाने) ट्रायटन (कण फोडणारं डिटर्जंट) घालून आणि न घालता मोजल्यावर ९० टक्क्यांच्या वर एनकॅप्सुलेशन (कणात बंद झालेला आरएनए), एवढं या संचाकडून मागायला हरकत नाही.

धुण्याचा क्रम चुकवू नये: आधी पाणी, मग इथेनॉल. सायट्रेट असताना थेट इथेनॉल सोडलं तर मीठ साक्यासारखं खाली बसतं आणि ०.३ चा हात बुजतो. त्यानंतर आरएनेज (आरएनए तोडणारं एन्झाइम) मारायला ०.१ नॉर्मल कॉस्टिक, मग आरएनेजमुक्त पाणी, शेवटी इथेनॉल आणि कोरडी हवा.

ज्यांच्याकडे रनला मायक्रोग्रॅमभरच आरएनए असतो त्यांनी हा संच घेऊ नये. टाकून द्यायच्या पहिल्या थेंबांतच त्यांचा माल संपेल. त्यांना कार्ट्रिजच परवडेल. २ मिलीच्या वर, रोज वेगवेगळी लिपिडं तपासणाऱ्यांनी जरूर घ्यावा. पंपाला यूपीएस जोडायला मात्र विसरू नका. सहा सेकंदांच्या मधेच लाइट गेली तर तो रन परत मिळत नाही.