सासरची वंशावळ, सहा महिन्यांची वर्गणी आणि एक चुकलेला ‘ल’

परवा खात्यातून पुन्हा पैसे गेले. सहा महिन्यांची वर्गणी आपोआप पुढच्या सहा महिन्यांसाठी वाढली, आधी साधी सूचनाही आली नाही. म्हणून आज परीक्षण लिहायला बसले. वंशावळ शोधायची ही साइट, तिचं नाव घेत नाही. या नादातल्यांना अशा दोन-चार साइट माहीत असतातच.

मी म्युनिकला राहते. सासऱ्यांचं घराणं पासाऊजवळच्या खेड्यातलं, कॅथलिक. दोन्ही जर्मनीच्या बव्हेरिया राज्यात, आणि तिथे जन्म, लग्न, मृत्यूची सरकारी नोंद १८७६ पासून. त्यामागे जायचं तर बाप्तिस्मे, लग्नं, मृत्यू लिहून ठेवलेल्या चर्चच्या वह्याच. (सरकारी नोंदीही लगेच खुल्या होत नाहीत: जन्माची ११० वर्षांनी, लग्नाची ८०, मृत्यूची ३०.) या साइटवर नाव टाकलं की नोंद समोर, पानं चाळायला नकोत, एवढ्यासाठी मी पैसे भरले.

चार महिने नवऱ्याच्या खापरपणजोबांचं लग्न सापडेना. कारण एक अक्षर! कुरेंट या हाताने लिहायच्या जुन्या जर्मन लिपीत मोठा एल आणि मोठा बी पटकन वेगळे ओळखू येत नाहीत. साइटसाठी वह्यांतल्या नावांची सूची करणाऱ्याने आमच्या आडनावातला ‘ल’ ‘ब’ म्हणून उतरवला. छोटा ई तर या लिपीत एनसारखाच दिसतो, तोही चुकवला. मी दुरुस्ती कळवली. ‘तपासून पर्यायी नाव म्हणून जोडू’ असं उत्तर आलं. मग मूळ पानावर खुणा करून फोटो पाठवला, तीन मेल केले. आजही तिथे ‘ब’च आहे. एका माणसाचं नाव आहे ते. त्याच्या लग्नाची नोंद शोधून देतो म्हणून पैसे घेता, तर नाव तरी नीट लिहा.

लग्न सापडलं मट्रिकुला या चर्चच्या वह्यांच्या साइटवर, फुकट. पासाऊ धर्मप्रांताच्या वह्या तिथे पानोपान स्कॅन केलेल्या आहेत. माणसाच्या नावाने शोध मात्र नाही. गाव निवडा, वही निवडा आणि वाचत बसा. त्यासाठी लिपी शिकले. पुण्यात माझ्या आजोबांना मोडी यायची. त्यांच्यासारखीच रोज अर्धा तास अक्षरं गिरवली. दीड महिन्यात वाचता यायला लागलं. तारखांना जपा: ‘८ब्रिस’ म्हणजे ऑगस्ट नव्हे, ऑक्टोबर, कारण लॅटिनमध्ये ऑक्टो म्हणजे आठ. एका बाळाचा बाप्तिस्मा मी दोन महिने आधीचा धरला होता. बायकांच्या आडनावाला शेवटी ‘इन’ लागतं, हूबरची हूबरिन, आपल्याकडे पाटलाची पाटलीण तसंच. आणि शेतावर घरजावई आला की लोक त्याला त्या शेताच्याच नावाने ओळखत, म्हणून एकाच माणसाची दोन नावं दिसली तर दचकू नका.

इथवर लिहून एक तारा देणार होते. पण काल वर्गणी रद्द करण्याआधी त्याच साइटवर हॅम्बुर्ग बंदराच्या प्रवासी याद्या (१८५० ते १९३४) उघडल्या. खापरपणजोबांचा धाकटा भाऊ लहानपणीच वारला असं घरात सगळे धरून चालले होते. तो यादीत आहे! वय जुळतं, गाव जुळतं, अमेरिकेला निघालेला. आणि आडनाव ‘ल’नेच लिहिलंय. गावच्या चर्चच्या वहीत हे मला कधीच कळलं नसतं. म्हणून तीन तारे. महिन्यापुरती घ्या, याद्या बघून घ्या, आणि आपोआप नूतनीकरण पहिल्याच दिवशी बंद करा.

सासऱ्यांकडे त्यांच्या आजीच्या पत्रांची एक पेटी आहे. १९४१ मध्ये ही लिपी शाळांतून गेली, त्यामुळे घरात ती कुणालाच वाचता येत नव्हती. आता दर रविवारी मी एक पत्र वाचून दाखवते. पहिल्या पत्रात आजारी गाय आणि उधारीवर आणलेलं बियाणं होतं. सासऱ्यांनी ते मला दोनदा वाचायला लावलं.