1847 चा 'सरकारी' जन्मदाखला

माझ्या सासूबाई बॉस्टनच्या. 1840 च्या दशकात बटाट्याचं पीक बुडून पडलेल्या दुष्काळात त्यांचे पूर्वज आयर्लंडच्या मेयो काउंटीतून अमेरिकेत आले, एवढंच घरात माहीत. नाशिकला तीर्थोपाध्यायांच्या वहीत खापरपणजोबांच्या हातची मोडी नोंद मी पाहिली आहे, त्यामुळे सासूबाईंची ओढ मला कळते. त्याच ओढीचा एकाने फायदा घेतला.

वंशावळ शोधून देणारा तो माणूस बोलायला गोड. 1922 च्या यादवीत डब्लिनच्या फोर कोर्ट्समधला दफ्तरखाना जळाला, जुन्या जनगणनेची राख झाली, आता तुमचे कागद फक्त आमच्या खासगी संग्रहात, असं त्याने पटवलं. आग लागली होती हे खरं. म्हणूनच त्याची थाप पचली. आधी आठशे डॉलर, मग चर्चच्या परवानगीचे म्हणून आणखी पाचशे. शेवटी जाडजूड फोल्डर आलं. त्यात आडनावाचं सोनेरी कुलचिन्ह आणि पणजोबांचा 1847 चा सरकारी जन्मदाखला, लाल शिक्क्यासकट.

आयर्लंडमध्ये जन्माची सरकारी नोंद सुरू झाली 1864 साली! त्याआधीचा कॅथलिक जन्म शोधायचा तर चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वहीत. तिथे नावं बहुधा लॅटिनमध्ये, पॅट्रिकचा पॅट्रिशियस झालेला, पुढे आईचं माहेरचं आडनाव आणि धर्मपालकांची (गॉडपेरेंट्सची) नावं. या दाखल्यावर आईचं माहेर नव्हतंच. कुलचिन्हही आडनावाला नाही, एखाद्या व्यक्तीला बहाल होतं. जाब विचारला, तर फोन बंद. बँकेतून गेलेले पैसे परत आले नाहीत. सासूबाईंनी तो दाखला फ्रेम करून नातवंडांना दाखवला होता, याचा संताप मला पैशांपेक्षा जास्त येतो.

परदेशातल्या आपल्या कितीतरी घरांत आता आयरिश वंशाचे सुना-जावई आहेत, म्हणून सांगते. चर्चच्या त्या वह्या आगीत गेल्या नाहीत, कारण बहुतेक कॅथलिक वह्या चर्चकडेच होत्या. नॅशनल लायब्ररी ऑफ आयर्लंडने 2015 पासून त्यांची पानं इंटरनेटवर फुकट ठेवली आहेत. 1901 आणि 1911 ची जनगणनाही फुकट. 1847 ते 1864 च्या काळात कुठल्या गावात कोणाकडे जमीन होती ते ग्रिफिथच्या मोजणीत, म्हणजे कर बसवण्यासाठी झालेल्या सरकारी मोजणीत, सापडतं. पण गाव कळल्याशिवाय तिथे हात घालून उपयोग नाही, आणि ते कळतं अमेरिकेतल्या कागदांतून. मॅसॅच्युसेट्समध्ये राज्यभरच्या जन्म, लग्न, मृत्यूच्या नोंदी 1841 पासून आहेत. 'बॉस्टन पायलट' या वर्तमानपत्रात 1831 ते 1921 हरवलेल्या नातलगांच्या जाहिराती येत, त्यांत कित्येकदा थेट पॅरिशचं, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या भागाचं, नाव असतं.

पैसे घेऊन शोधणारे प्रामाणिक लोकही आहेत. ते नोंद कुठल्या पॅरिशची, कुठल्या वहीतली, हे लिहून देतात. ते लिहून मिळेपर्यंत एक डॉलरही देऊ नका.