काचेचा ऑक्सिजन मायक्रोसेन्सर: वापरानंतरचा अभिप्राय

सायनोबॅक्टेरियांच्या (प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या जीवाणूंच्या) जेमतेम दोन-तीन मिलिमीटर जाडीच्या थरात ऑक्सिजन कोणत्या खोलीवर आणि किती वेगाने तयार होतो हे मोजायचे असेल, तर क्लार्क पद्धतीच्या, म्हणजे ऑक्सिजनच्या प्रमाणात विद्युतप्रवाह देणाऱ्या, काचेच्या मायक्रोसेन्सरचे पैसे वसूल होतात, असे माझे मत आहे. लेलंड क्लार्क यांचा मूळ इलेक्ट्रोड रक्तातील ऑक्सिजनसाठी होता. डेन्मार्कमधील ऑर्हुस विद्यापीठाच्या नील्स पीटर रेव्हस्बेक यांनी १९८९ मध्ये त्याच्या सूक्ष्म आवृत्तीत चांदीचे रक्षक ऋणाग्र बसवले. आतील द्रावातून मागच्या बाजूने येणारा ऑक्सिजन ते वाटेतच संपवते, त्यामुळे शून्याची पातळी फारशी सरकत नाही. ही सोय नसलेला सेन्सर स्वस्तात मिळाला तरी घेऊ नये.

खरी कसोटी लागते ती प्रकाश-अंधार पद्धतीत. दिव्याखाली पातळी स्थिरावली की दिवा एकदम बंद करायचा. श्वसन आणि विसरण (ऑक्सिजनचे आपोआप पसरणे) पहिले एक-दोन सेकंद पूर्वीच्याच गतीने चालू राहत असल्याने, त्या अवधीत ऑक्सिजन ज्या वेगाने घटतो तोच त्या बिंदूवरील प्रकाशसंश्लेषणाचा वेग मानता येतो. सेन्सरने प्रतिसादालाच पाच सेकंद घेतले तर सारे गणित फसते. म्हणून टोक १० मायक्रोमीटरच्या आसपासचे आणि प्रतिसाद सेकंदाच्या आतला, एवढे खरेदीपूर्वी लेखी विचारून घ्यावे.

वापर मात्र निगुतीचा आहे. उणे ०.८ व्होल्ट देऊन सेन्सर काही तास स्थिरावू द्यावा लागतो; मग हवेने संपृक्त केलेल्या पाण्यात (२५ अंश सेल्सिअसला गोड्या पाण्यात सुमारे २५८ मायक्रोमोल प्रतिलिटर) आणि सोडियम अ‍ॅस्कॉर्बेटच्या अल्कधर्मी द्रावणात (ऑक्सिजन शून्य) अंशांकन करायचे, म्हणजे ज्ञात पातळ्यांशी सेन्सरचा प्रवाह जुळवून घ्यायचा. विद्युतप्रवाह पिकोअँपिअरमध्ये असल्यामुळे शेजारून कोणी नुसते गेले तरी आलेखावर काटे उमटतात. टोक वाळूच्या कणावर आपटले की प्रवाह एकाएकी चढतो आणि खाली येतच नाही. तो सेन्सर गेला असे समजावे आणि अंदाजपत्रकात पहिल्यापासूनच जास्तीचा एक धरावा.

घरच्या घरी, म्हणजे आपल्याच प्रयोगशाळेत, तो बनवण्याचा मोह अनेकांना होतो. प्लॅटिनमची तार पोटॅशियम सायनाइडच्या द्रावणात झिजवावी लागते, एवढे सांगितले तरी पुरे. जाणकार मार्गदर्शक आणि धूर ओढणारे कपाट नसेल तर त्या वाटेला जाऊ नये.

ज्यांना केवळ बाटलीतील श्वसन दिवसेंदिवस नोंदवायचे आहे, त्यांनी प्रकाशीय तंतूचा सेन्सर घ्यावा. तो ऑक्सिजन खात नाही आणि त्याला विद्युत गोंगाटाचा त्रासही होत नाही.